महालक्ष्म्यांच्या पुढून जाणारी गाडी

आमच्या ह्यांना रेल्वे आहे.

म्हणजे लोकांना शुगर असते, बीपी असतं, तशी ह्यांना रेल्वे. रिटायर झाले आणि लगेच उपटली. बरं, औषध नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांना मी मुद्दाम घरी बोलावलं, म्हटलं तुम्ही तरी ह्यांना चार शब्द सुनवा. तर ते गृहस्थ गळ्यात स्टेथोस्कोप घालून फरशीवर उकिडवे बसले आणि "सर, हा सिग्नल आपोआप पडतो का हो?" असं विचारायला लागले! दवाखान्यातून त्यांना फोनवर फोन येत होते आणि डॉक्टर डबे जोडत होते. मी चहा दिला आणि आत जाऊन भांडी आपटली.

हे शाळेत ड्रॉइंगचे सर होते. जन्मभर पोरांकडून एकच चित्र काढून घेतलं. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. मला वाटलं, रिटायर झाल्यावर हा माणूस शांत बसेल, सकाळी फिरायला जाईल, माझ्या हाताखाली भाजी निवडेल. कसलं काय! ह्यांनी तेच चित्र प्लायवूडच्या भल्यामोठ्या बोर्डावर उभं केलं आणि त्यातून रेल्वे काढली. केडगावातल्या आमच्या घरात एकच खोली धड मोठी आहे. ती गेली. आता तिथं नगर स्टेशन आहे, विळदचा घाट आहे, पुणतांब्याचा गोदावरीचा पूल आहे. नगरहून सुटलेली गाडी हातभर अंतरावर गोदावरी ओलांडते. खऱ्या रेल्वेला हे कधी जमलं नाही, पण ह्यांच्या रेल्वेला जमतं, कारण ह्यांना प्लायवूड पुरलं नाही.

"एवढ्या वयात खेळणी घेऊन बसायला काही वाटत नाही का?" मी विचारलं.

"खेळणं म्हणू नकोस," हे एकदम ताठ झाले. "हे स्केल मॉडेल आहे. खरी गाडी सत्त्याऐंशी पट लहान केली, की ही गाडी होते."

"मग पसारा का सत्त्याऐंशी पट मोठा?"

माझ्या कुठल्याच प्रश्नाला ह्यांच्याकडे उत्तर नसतं, फक्त हातात खोडरबर असतो. (रूळ खोडरबरानं घासून स्वच्छ करायचे असतात म्हणे, नाहीतर गाडी अडखळते. आमच्या घरातली फरशी कशानं स्वच्छ होते, हे ह्यांना अजून माहीत नाही.) तासन्‌तास एका वळणाशी बसायचं. का? तर गाडी तिथं पडते. मग रूळ उचलायचा, परत चिकटवायचा, परत गाडी सोडायची, परत पडायची! एवढ्या वेळात मी दोन चादरी विणल्या असत्या. चहाचा चोथा टाकायचा नाही, तो गच्चीवर वाळवून, चाळून, डिंकात कालवून घाटावर थापायचा. ती घाटातली माती! आलं घालून चहा केला तर माझ्यावरच ओरडायचे, "अगं, आल्याचे तुकडे येतात मातीत! दरड कोसळल्यासारखी दिसते!"

एवढं सगळं मी सहन केलं. पण महालक्ष्म्यांच्या वर्षी जे झालं, ते सांगायला बसले तर आजही माझे कान गरम होतात.

आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या संगमनेरला थोरल्या जाऊबाईंकडे बसतात. सासूबाईही तिकडेच असतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दरवर्षी पुरण वाटायला संगमनेरला जाते. जाऊबाई पैठणी नेसून आरती ओवाळणार, आणि मी मागं उभी राहून टाळ्या वाजवणार, कोपरापर्यंत कणीक! मीही ह्या घरची सूनच ना? एका वर्षी मी हिंमत करून म्हटलं, "ताई, एखाद्या वर्षी आमच्याकडं बसवू या का?"

"आगं सुनंदा," जाऊबाई म्हणाल्या, "तुज्याकडं जागा कुठं हाय? तुज्याकडं भावजींची रेल्वे बसलीय!"

आणि सगळ्या आयाबाया हसल्या. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला, की त्या वर्षीच्या पुरणात मीठ पडलं. (चुकून.)

आणि मग गेल्या वर्षी माझं नशीब उघडलं. संगमनेरचं घर पाडून नवीन बांधायला घेतलं. सासूबाईंचा फोन आला.

"औंदा म्हालक्षुम्या तुज्याकडं बसव. समदं नीट पार पडलं, तर हितून फुडं तिकडंच बसू दे. तुज्या जावंचं, मंगलचं, गुडघं बी गेल्यात आता. पन काई आडवं-तिडवं झालं, तर परत हिकडं. सांगून ठिवते."

"काही होणार नाही, आत्याबाई," मी म्हटलं. फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडले. आनंदानं हो! इतक्या वर्षांनी आरतीचं ताट माझ्या हातात येणार होतं.

डोळे पुसले आणि तशीच त्या खोलीत गेले. "उचला," मी म्हटलं.

"काय?"

"नगर, विळद, गोदावरी, सगळं उचला. खोली रिकामी पाहिजे. महालक्ष्म्या आपल्याकडे येतायत."

ह्यांनी बोर्डाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग परत बोर्डाकडे. "तो निघायचा नाही," हे हळू आवाजात म्हणाले.

"का?"

"आत बांधलाय ना. दारापेक्षा रुंद आहे."

"बांधताना दार दिसलं नव्हतं?"

"तेव्हा बाहेर काढायचा विचार नव्हता!"

ह्या माणसानं हजारो पोरांना पट्टीनं मोजून चौकट आखायला शिकवलं! मी माळ्यावरून करवत काढली. हे दोन्ही हात पसरून नगर स्टेशनापुढं उभे राहिले. "सुनंदा, वायरी आहेत खाली! सगळं एकमेकांत गुंतलंय! एकदा कापलं की संपलं!" आवाज खरोखर कापत होता. आमच्या मुलीच्या पाठवणीला इतका कापला नव्हता. शेवटी म्हणाले, "आरास समज ना हिला. लोक महालक्ष्म्यांपुढं डोंगर करतात, कारंजी सोडतात, चंद्रावर यान पाठवतात. आपली रेल्वे."

"तुमची रेल्वे," मी म्हटलं. पण दुसरा इलाज नव्हता. दोघी बोर्डाच्या मागं उभ्या करायच्या, पुढं ही आरास, असं ठरलं. घाट बरोबर मधोमध येत होता. त्या घाटाच्या पोटात ह्यांनी प्लायवूडला एक भोक पाडून ठेवलंय. गाडी बोगद्यात घसरली, तर बोर्डाखाली शिरायचं, भोकातून डोकं वर काढायचं आणि गाडी उचलून ठेवायची. भोकावर थर्माकोलचा पोकळ डोंगर नुसता झाकून ठेवलेला असतो. हे त्याला इन्स्पेक्शन हॅच म्हणतात. मी भोक म्हणते.

फराळाला लागले. अनारसे थापायला घेतले आणि बघते तर खसखशीचा डबा रिकामा!

"अहो, खसखस कुठंय?"

आतून फक्त खोडरबराची घासघास.

"अहो! डबाभर खसखस होती!"

"आहे," आतून बारीक आवाज आला. "नगर ते विळद."

मी जाऊन बघितलं. रुळांखाली, करडा रंग देऊन, डिंकानं चिकटवून, नीट हातानं सपाट करून खसखस अंथरलेली! खडी म्हणून!

"अख्खा डबा?"

"डबल लाईन झालीय गं आता."

करवत मी परत माळ्यावर टाकली होती, हे ह्यांचं नशीब. त्या वर्षीचे अनारसे बिनखसखशीचे झाले.

सासूबाई आणि जाऊबाई मुखवटे घेऊन आल्या. स्टीलच्या डब्यात, नव्या खणात गुंडाळून, मांडीवर ठेवून आणले होते. मी उंबऱ्यातून पावलं काढली होती, रांगोळी घातली होती. जाऊबाई पावलावर पाऊल टाकत आत आल्या, खोलीच्या दारात थांबल्या आणि त्यांनी ते सगळं डोळे भरून पाहिलं. रूळ, सिग्नल, चहाच्या चोथ्याचा घाट.

"आगं बाई," त्या म्हणाल्या, "म्हालक्षुम्यांनी उतरायचं कुठल्या फलाटावर?"

सासूबाईंनी नुसती मान हलवली. ती मान कुठल्या दिशेला हलली, ते मला कळलं नाही. पण दोघी उभ्या राहिल्या, साड्या नेसवल्या, दागिने घातले, मुखवटे चढले आणि माझा जीव भांड्यात पडला. काय सुंदर दिसत होत्या म्हणून सांगू! वर फुलोरा टांगला. करंज्या, पापड्या, साटोऱ्या, सगळ्या दोऱ्यांनी लोंबकळत्या. ह्यांनी बटण फिरवलं. घाटाच्या बोगद्यातून गाडी शिट्टी वाजवत निघाली, गोदावरी ओलांडली, थोरलीच्या पदराखालून वळसा घालून धाकटीच्या पायाशी आली आणि नगरला थांबली.

शेजारच्या लताबाई तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. "वैनी," त्या म्हणाल्या, "लई ग्वाड हाय वो!"

आणि बातमी फुटली. दिवेलागणीला अख्खी गल्ली आमच्या दारात! चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. मागच्या गल्लीतल्या रूथबाईंनी तर नाताळच्या गोठ्यासाठी विळदचा घाट आत्ताच मागून ठेवला. कुणी विचारलं, "सेलवर चालते का हो?" कुणी विचारलं, "केवढ्याचं खेळणं?" आणि मला काय झालं कोण जाणे, मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "खेळणं नाही हो! स्केल मॉडेल आहे. खरी गाडी सत्त्याऐंशी पट लहान केली, की ही होते."

स्वयंपाकघरात हे नारळ खवत होते. (मीच बसवलं होतं.) विळीचा आवाज बंद पडला. मी तिकडं बघितलंच नाही.

त्यातच लताबाई गोदावरीच्या पुलापाशी थबकल्या. कमरेची पिशवी सोडली, एक नाणं काढलं, कपाळाला लावलं आणि निळ्या रंगवलेल्या काचेवर टाकलं. "गोदामाय हाय ना," म्हणाल्या, "तसंच कसं वलांडायचं?" आता एसटीतून काय, रेल्वेतून काय, नदी आली की पाण्यात नाणं टाकायचं हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मागच्या बाईनंही टाकलं. तिच्या मागचीनंही. जी येईल ती आधी महालक्ष्म्यांना हळदीकुंकू लावणार, मग इंजिनाला लावणार, मग गोदावरीत नाणं!

हे खवणी टाकून धावत आले. "अहो ताई, नदीत टाका, रुळांवर नको! दोन रुळांवर नाणं आडवं पडलं तर शॉर्ट होईल! गाडी बंद पडेल!"

"देवाधर्माचं आहे," मी डोळे वटारले. "तुम्ही गप्प बसा. नारळ झाला का खवून?"

हे माझ्याकडे बघत बघत परत नारळाकडे गेले. बायांचं नाणी टाकणं चालू राहिलं.

त्या रात्री झोपताना जाऊबाई सासूबाईंना म्हणाल्या, मला ऐकू येईल अशा बेतानं, "काय नशीब बगा. आमी संगमनेरकर खऱ्या रेल्वेची वाट बगून म्हातारं झालो, आन हिच्या घरात डबल लाईन." मला इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती.

दुसरा दिवस महानैवेद्याचा. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं झालं, पण माझं लक्ष एकाच गोष्टीत. मला एक कल्पना सुचली होती. गाडीला मागं एक उघडा डबा जोडायचा, त्यात रव्याचे लाडू ठेवायचे, आणि संध्याकाळी सगळ्या बायकांसमोर गाडी बोगद्यातून लाडू घेऊन थेट महालक्ष्म्यांच्या पायाशी येणार! मग लगेच आरती. जाऊबाईंनी आयुष्यात असलं काही पाहिलं नसणार. मी बोराएवढे लाडू वळायला बसले. हे बाजूला उभे होते.

"अगं, डब्याला झेपायला पाहिजे. आणि वळणावर तोल जाईल."

"म्हणून तर लहान करतेय," मी म्हटलं. "स्केलमध्ये."

ह्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मी तो झटकला.

संध्याकाळी खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी येवल्याची पैठणी नेसले होते, नथ घातली होती. ताट तयार, निरांजन तयार, कापूर तयार. जाऊबाई भिंतीला टेकून खुर्चीवर बसलेल्या, गुडघ्यांवर हात. सुरुवातीलाच फुलोऱ्यातली एक करंजी दोरा तुटून नगर स्टेशनवर पडली आणि फलाटाची शेड मोडली. "प्रवासी जखमी झाले का वो?" जाऊबाईंनी विचारलं. मी हसून घेतलं. मोडकी शेड उचलली, करंजी बाजूला ठेवली आणि लाडवांची गाडी सोडली.

गाडी ऐटीत निघाली. बायका पुढं वाकल्या. लाडू हलत होते, पण पडत नव्हते. स्टेशन मागं पडलं. गाडी घाटाकडे वळली. तेवढ्यात सासूबाई पुढं आल्या. त्यांना वाकता येत नाही, म्हणून त्यांनी नाण्याला कुंकू लावलं, डोळे मिटले, हात जोडले आणि लांबूनच गोदावरीत नाणं भिरकावलं. गाडी बोगद्यात शिरली.

आम्ही सगळ्या बोगद्याच्या दुसऱ्या तोंडाकडे डोळे लावून बसलो.

गाडी येईना.

शिट्टी नाही, आवाज नाही. बटणाच्या डब्यावर लाल दिवा लागला होता.

"लेट हाय वाटतं," जाऊबाई म्हणाल्या.

बायका फिसकन हसल्या. तेच हसणं! संगमनेरच्या ओसरीवरचं तेच! माझं डोकं सणकलं.

"आरती होऊन जाऊ दे," हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "मग बघतो मी. पाच मिनिटांचं काम आहे."

आता बघा. ज्या माणसानं दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला इंजिनाची चाकं पुसत बसून मला एकटीला आरती म्हणायला लावली, त्याला आत्ता देव आठवला! "नाही," मी म्हटलं. "आधी गाडी." आणि बटण होतं नव्हतं तेवढं पूर्ण फिरवलं. काही नाही. परत फिरवलं. लाल दिवा तसाच. म्हणजे गाडी बोगद्यात घसरली असणार, किंवा खाली वायर सुटली असणार. मी पैठणीचा ओचा खोचला आणि बोर्डाखाली शिरले.

"सुनंदा!" वरून सासूबाईंचा आवाज. "आगं येळ झाली. ताट घे."

"आलेच आत्याबाई! दोनच मिनिटं!"

खाली अंधार. लाल वायरी, काळ्या वायरी, जळमटं, आणि चोथ्याचा एक जुना डबा, तो माझ्या गुडघ्यानं सांडला. नथ एका वायरीत अडकली. ती सोडवेपर्यंत पदर खिळ्यात अडकला. आणि वर घंटा वाजायला लागली.

"घरची बाई कुठंय?" कुणीतरी विचारलं.

"गाडी दुरुस्त करतीय," लताबाईंनी सांगितलं.

मग जाऊबाईंच्या बांगड्या वाजल्या. मी त्या बांगड्यांचा आवाज ओळखते. ताट त्यांनी उचललं! ज्या आरतीसाठी मी जन्मभर वाट बघितली, ती माझ्याच घरात, माझ्याच डोक्यावर दीड फुटावर चालू झाली होती, आणि मी खाली ढोपरांवर रांगत होते! आणि टाळ्यांमध्ये सगळ्यात मोठ्या टाळ्या कुणाच्या होत्या? ह्यांच्या! मला रडू फुटायला लागलं. कुठलीही शहाणी बाई तिथून बाहेर आली असती, हात धुतले असते आणि आरतीला उभी राहिली असती. मी म्हटलं, आता एवढं केलंय तर आधी गाडी.

चाचपडत चाचपडत ते भोक सापडलं. मी डोकं वर घातलं आणि जोर लावला.

वर काय झालं ते मला नंतर कळलं. आरतीचं दुसरं कडवं चालू होतं. अर्ध्या बायकांचे डोळे मिटलेले. तेवढ्यात विळदचा घाट थरथरला, हळूहळू वर उचलला गेला आणि त्याच्याखालून एक मुंडकं बाहेर आलं. दोन्ही महालक्ष्म्यांच्या बरोबर मधोमध! नाकात नथ, कपाळावर कुंकू विस्कटलेलं, गालांना चहाचा चोथा, डोक्यावर डोंगर.

"आगं बया!" लताबाई किंचाळल्या. "तिसरी आली!"

घंटा थांबली. टाळ्या थांबल्या. जाऊबाईंच्या हातातलं ताट कललं आणि कापूर विझला. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी मला हात जोडले.

मला ह्यातलं काही दिसत नव्हतं, कारण माझे डोळे गोदावरीवर होते. आयुष्यात पहिल्यांदा मी तो पूल रुळांच्या उंचीवरून बघत होते. लोखंडी पट्ट्यांच्या आत, दोन्ही रुळांवर आडवं पडलेलं, कुंकू लावलेलं नाणं! सासूबाईंचं! शॉर्ट! मी एक हात कसाबसा भोकातून वर काढला, कोपर खरचटलं, बोटं लांबवली आणि नाणं ओढलं.

आणि गाडी सुटली!

बटण मी पूर्ण फिरवून ठेवलेलं होतं ना! माझ्या कानाजवळून अशी सणाणत गेली, की केस उडाले. घाट उतरली, गोदावरी एका झपाट्यात ओलांडली, थोरलीच्या पदराखालून गेली. आणि ते वळण, ज्या वळणावर ह्यांची गाडी कायम पडायची, त्या वळणावर एका बाजूला झुकली आणि सावरली! लाडवांसकट सावरली! धाकटीच्या पायाशी वळसा, मोडक्या नगर स्टेशनातून धडधडत, परत घाटाकडे. एकही डबा घसरला नाही, एकही लाडू पडला नाही. काय सांगू तुम्हाला, माझ्या डोळ्यांना धार लागली.

मग ह्यांनी बटण बंद केलं आणि खालून पाय ओढून मला बाहेर काढलं. पैठणीला खिळ्यानं टीचभर भोक पाडलं होतं. बायका हळूहळू पांगल्या, जाताना माझ्याकडे वळून वळून बघत. आरतीचं उरलेलं कडवं कुणी म्हटलं नाही.

सासूबाई पाटावर बसल्या. मला समोर बोलावलं. जाऊबाई शेजारी, मान खाली, पण त्या आतून किती खूश होत्या ते मला त्यांच्या कानांवरून कळत होतं.

"आरती मोडली, सुनंदा," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. "माज्या सासूच्या येळंपास्नं कदी मोडली न्हवती. तुज्या मनात काय वाईट न्हवतं, ते मला ठावं हाय. पन घरची बाईच आरतीला न्हाई म्हनल्यावर काय करायचं? फुडल्या वर्षी म्हालक्षुम्या संगमनेरलाच. आन तिकडंच ऱ्हातील आता."

हे माझ्या मागं येऊन उभे राहिले. सगळ्यांना माहीत होतं, आता ही भांडणार. आणि भांडायला माझ्याकडं काय नव्हतं? इतक्या वर्षांचं पुरण होतं, संगमनेरची ओसरी होती, आणि घट्ट आवळलेल्या मुठीत सासूबाईंचंच, त्यांनीच कुंकू लावलेलं नाणं होतं! नुसती मूठ उघडली असती तरी निकाल फिरला असता. मी घसा खाकरला. जाऊबाईंनी पदर सावरला.

"ते राहू द्या हो, आत्याबाई," मी म्हणाले, "पण गाडी सुरू झाली, ती बघितली का कुणी?"